एका वेळी एकच

कॅनडा कॉर्नरच्या दुकानात रोनक चोरडियाने विचारलं,
घरात माणसं किती?
मी म्हटलं, मशीन दाखव.

आधी त्याने कॅप्सूलवालं काढलं.
कुपी टाका, बटण दाबा, कुपी फेका.
एका कुपीचे पंचावन्न रुपये.
एकोणतीस वर्षं नाशिकरोडच्या छापखान्यात
नोटांचे ताव उजेडात धरून तपासले मी;
पंचावन्न रुपये म्हणजे किती, ते बोटांना कळतं.

दुसऱ्याला दुधाची नळी.
ती धुवायची कोणी?
तिसऱ्याला घड्याळ, स्क्रीन, चार भाषा,
त्यात मराठी नाही.
चौथं कोपऱ्यात, धूळ खात:
एक बटण, एक जाळी, सुटी निघणारी टाकी.
टाकीत हात घालून बघितला,
बांगड्यांसकट गेला.
हे दे.

'काकू, दोन कपांचं घ्या, सातशेच जास्त पडतील.
पाहुणे आले तर?'

मी रोज पहाटे नऊ जणांचा चहा उकळलाय,
कोणाला आल्याचा, कोणाला बिनसाखरेचा,
आणि दहावा कप माझा, तळाचा, चोथ्यासकट,
उरला तर.
आता नऊ जण पांगले,
कोणी पुण्याला, कोणी फोटोत.
पाहुणे आले तर, बाळा,
थांबतील.

दीड चमचा पूड, सपाट.
जाळी रोज नळाखाली उलटी धरायची.
टाकीत रात्रीचं पाणी ठेवायचं नाही.
चोथा जातो गवती चहाच्या कुंडीत;
तो बिचारा काही बोलत नाही.

चौथ्या महिन्यात मशीन खोकायला लागलं.
अर्धा कप आला, मग नुसती वाफ.
पिशवीत घालून भद्रकालीत नेलं,
मुश्ताक मिक्सर दुरुस्त करतो तिथे.
त्याने बूड उघडलं, बोट फिरवलं,
बोटाला पांढरी भुकटी.
'मुतखडा झालाय याला, ताई.
बोअरचं पाणी पाजता ना?'
पैसे घेतले नाहीत.
लिंबूसत्त्व म्हणाला, चमचाभर, महिन्यातून एकदा,
मग साध्या पाण्याचे तीन फेरे.

रविवार कारंज्यावरचा वाणी म्हणाला, थंडीत सरबत?
मी काय सांगणार.

तर दर एक तारखेला, पूर्वी पगार व्हायचा त्या दिवशी,
मी मशीनला औषध देते.
पहिलं पाणी गढूळ येतं, दुसऱ्यात कण,
तिसरं काचेच्या पेल्यात घेऊन
खिडकीशी धरते, जुनीच सवय,
तिरकं करून, डावीकडून उजवीकडे.
चूक सापडेपर्यंत बघते.
सापडली नाही की मग कॉफी.

परवा हेमलता पिंगळे आली.
उपनगरहून रिक्षाने, गुडघे सांभाळत.
छापखान्यात तिचं टेबल माझ्या पुढचं,
मी बघितलेला ताव तिच्याकडे जायचा.
पहिला कप तिला दिला.
माझा व्हायला चार मिनिटं:
मशीन गार व्हायला हवं, टाकी भरायला हवी.
ती पीत होती, म्हणजे तिचं तोंड कामात,
माझे हात रिकामे.
अशा वेळी माणूस काय करणार, बोलतो.

म्हटलं, सत्त्याण्णवच्या मार्चात
एक ताव मी तसाच जाऊ दिला होता.
कोपऱ्यात शाई फुटलेली, दिसत होती.
त्या दिवशी घरी दहावा कप उरला नव्हता,
डोळे उघडे होते एवढंच.
इतकी वर्षं कोणाला सांगितलं नाही.

हेमलताने कप खाली ठेवला नाही.
म्हणाली, माहीत आहे.
मीच काढला तो. माझ्या नावावर घातला.

पंप घुरघुरला. दिवा हिरवा झाला.
माझा कप भरत होता, थेंब थेंब,
आणि तिचा संपला होता.

मी कप उचलला.
आता तिने बोलायचं.